एकशे सत्त्याऐंशीवं फील्ड

सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि वनमाला तोरसकर दिवसाच्या सातव्या स्लाइडवर होती. उजवा डोळा मायक्रोस्कोपच्या नळीवर, डावा उघडा पण काहीच न पाहणारा, उजव्या हाताची बोटं स्लाइड सरकवणाऱ्या खुंटीवर. डावा हात दोन बश्यांच्या मध्ये. एका बशीत दहा चिंचोके. नळीतून एका वेळी जो वाटोळा तुकडा दिसतो त्याला फील्ड म्हणतात. दहा फील्ड पाहून झाली की एक चिंचोका पहिल्या बशीतून दुसऱ्या बशीत जायचा. पहिली बशी रिकामी झाली की शंभर. नियम शंभरचाच होता. शंभर फील्डमध्ये हिवतापाचा जंतू दिसला नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं आणि पुढची स्लाइड घ्यायची.

१९८६च्या सप्टेंबरमधला हा बुधवार. भांडुपच्या टेकडीखालच्या या दवाखान्यात वनमालाला अकरा वर्षं झाली होती. रक्ततपासणीची खोली म्हणजे पूर्वीची औषधांची कोठी, आठ बाय दहा. मायक्रोस्कोपला दिवा नव्हता, आरसा होता. उजेड खिडकीतून यायचा आणि तीननंतर समोरच्या चाळीच्या सावलीत जायचा. म्हणून दवाखाना साडेआठला उघडत असला तरी ती साडेसातला बसायची.

तिच्या हातून आजवर दीड लाखावर स्लाइड गेल्या होत्या. सगळ्या पॉझिटिव्ह आणि दहातली एक निगेटिव्ह घाटकोपरच्या मुख्य प्रयोगशाळेत फेरतपासणीला जायची. अकरा वर्षांत तिचा एकही निकाल उलटून आला नव्हता. हे ती आपणहून कुणाला सांगत नसे. पण कुणी विचारलंच तर सांगायला लाजतही नसे.

आठ वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याचे शिपाई नाना दारात उभे राहिले.

“बाई, पत्र आलंय. घाटकोपरहून.”

“ठेवा तिथे. स्लाइड होऊ दे.”

“तांबड्या शाईचं आहे.”

वनमालाने चिंचोका सरकवला, उरलेली तीस फील्ड पाहिली, वहीत निकाल लिहिला आणि मग पाकीट फोडलं. स्लाइड क्रमांक १९४२. आपला निकाल : पॉझिटिव्ह, फाल्सिपेरम, चंद्रकोरी. फेरतपासणीचा निकाल : निगेटिव्ह. खाली टाइप केलेली ओळ : खुलासा आठ दिवसांत सादर करावा.

नाना तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. “वाट लागली काय?”

“लागू शकते.”

ती उगाच म्हणाली नव्हती. जूनमध्ये मुख्य प्रयोगशाळेचं परिपत्रक आलं होतं. नसलेला जंतू दाखवला, तर तपासनिसाला सहा आठवडे पुन्हा प्रशिक्षण, टेबल दुसऱ्याकडे. प्रशिक्षणानंतर जागा असेल तिथे नेमणूक. वनमालासारखीच मुलुंडच्या दवाखान्यातली एक बाई जुलैपासून केसपेपर फाडायच्या खिडकीवर बसली होती, आणि तिथून ती परत येईल असं कुणाला वाटत नव्हतं.

वनमालाने ड्रॉवरमधून स्वतःची वही काढली. दवाखान्याची नोंदवही वेगळी, ही तिची. १९४२ शोधायला तिला वेळ लागला नाही. ती स्लाइड तिच्या लक्षात होती, कारण तो माणूस लक्षात होता.

गणपतीतला तिसरा दिवस. भांडुपच्या त्या वस्तीत कोकणातली घरं जास्त, त्यामुळे सगळी आळी गावाला गेलेली, दवाखाना ओस. आणि बाकावर धोंडू गवाणकर एकटे बसलेले. वय पंचावन्न. चार वर्षांपूर्वी संपात गिरणी सुटली, तेव्हापासून मुलुंडच्या रस्त्यावर एका इमारतीच्या बांधकामावर रखवालदार. वनमालाने त्यांना पाहिलं आणि ती थांबली. कोकणातला माणूस, घरी गणपती बसतो, आणि हा इथे?

“काका, गणपतीक गावाक गेल्यात नाय?”

“पायांत बळ खंय आसा? एस्टीची पायरी चढाक जमाचा नाय.”

“ताप?”

“ताप होतो. गेलो. नाक्यावरच्या डॉक्टरान चार गोळये दिले, एक सुई टोचली. म्हयनो झालो.”

“रक्त तपासलं होतं?”

“रगत? तां खंय उरलासा तपासूक?” धोंडू हसले. हसताना त्यांच्या हिरड्या दिसल्या. पांढऱ्या होत्या.

तिने त्यांचं बोट टोचलं. काचेवर नेहमीप्रमाणे दोन जागी रक्त घेतलं : एका टोकाला जाड ठिपका, बाकीच्या काचेवर पातळ लेप. जाड ठिपक्यात रक्त जास्त, म्हणून जंतू तिथे शोधायचा. रंगवताना त्यातल्या तांबड्या पेशी पाण्याने विरघळतात, पांढऱ्या पेशी आणि जंतू तेवढे उरतात. पातळ लेपात तांबड्या पेशी शाबूत राहतात, म्हणून जंतूची जात तिथे ओळखायची.

धोंडूंच्या जाड ठिपक्यात शंभर फील्ड झाली, दहाही चिंचोके पलीकडे गेले, जंतू दिसला नाही. नियमाप्रमाणे तिथे ‘निगेटिव्ह’ लिहायचं होतं. पण दोन मोठ्या पांढऱ्या पेशींच्या पोटात तिला काळसर तपकिरी कण दिसले होते. तिने पातळ लेप पाहिला. तांबड्या पेशी विरळ होत्या. ज्या होत्या त्यांची कड तेवढी तांबडी, मध्ये फटफटीत. काही पेशी वाजवीपेक्षा मोठ्या आणि निळसर. म्हणजे हाडांतला कारखाना कच्चा माल बाहेर काढत होता. तिने चिंचोके पुन्हा पहिल्या बशीत ओतले आणि जाड ठिपक्यावर परत गेली.

एकशे सत्त्याऐंशीव्या फील्डमध्ये चंद्रकोर मिळाली. दोनशे अकराव्यात दुसरी.

फाल्सिपेरम जातीच्या जंतूचं हे शेवटचं रूप. याने ताप येत नाही आणि तापाच्या नेहमीच्या गोळ्यांनी ते मरतही नाही. माणूस हिंडतो फिरतो, त्याला चावलेला डास ते उचलून नेतो. वनमालाने निकाल लिहिला, डॉक्टरांना दाखवला. दवाखान्याच्या डॉक्टर पद्मजा रेगे यांनी त्याच दिवशी धोंडूंना चंद्रकोरी मारणाऱ्या गोळ्या दिल्या, सोबत लोहाच्या. धोंडू आता जिना चढू लागले होते. पण बांधकामावर आणखी चौतीस माणसं राहत होती, आणि त्यांचं रक्त तपासायला पथक पाठवायचं तर फेरतपासणीत निकाल कायम व्हावा लागत होता. तो झाला नव्हता.

डॉक्टर रेगेंनी पत्र वाचलं. “खुलासा लिहून देऊ या. पेशंट सुधारलाय, असं लिहू.”

“ते म्हणतील, लोहाच्या गोळ्यांनी सुधारला. आणि तसं म्हणायला त्यांना जागा आहे.”

“मग?”

“मी आज जाते, बाई. त्यांच्यासमोर दाखवते.”

“आणि त्यांनाही नाही दिसलं तर?”

“तर खिडकीवर बसेन. पण मला सोबत मायक्रोस्कोप न्यावा लागेल. तुमची चिठ्ठी द्या.”

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.

मायक्रोस्कोप का, हे नानांना कळेना. लाकडी खोक्यात तो ठेवताना वनमालाने सांगितलं. स्लाइडवर खूण करायला मनाई असते, नाहीतर फेरतपासणारा खुणेपाशीच जाईल. पण स्लाइड सरकवणाऱ्या खुंटीला दोन पट्ट्या असतात, एक आडवी, एक उभी. मिलिमीटरच्या. जंतू दिसला त्या क्षणी दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे लिहून ठेवले की पुन्हा त्याच जागी जाता येतं. एवढंच की एका मायक्रोस्कोपचे आकडे दुसऱ्याला चालत नाहीत.

“म्हणजे पत्ता आहे, पण आपल्याच घरातून निघालं तर सापडतो,” नाना म्हणाले.

“तसंच.”

“द्या, मी उचलतो.”

“नको नाना. हा माझ्या हातात बरा.”

दुपारी बारा वाजता ती रिक्षात बसली, खोकं मांडीवर, दोन्ही हात खोक्यावर. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. “ताई, हार्मोनियम हाय काय?”

“हो. सावकाश चालव. सूर हलतील.”

एलबीएस रोडवर खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला ती खोकं मांडीवरून इंचभर उचलून धरायची. विक्रोळी येईपर्यंत हात भरून आले. तिला एकच शंका छळत होती आणि ती शंका तिची स्वतःची होती. दमट हवेत काचेवर बुरशी धरते. बुरशीचा तुकडा कधी कधी चंद्रकोरीसारखा वाकलेला असतो. नवशिके फसतात. ती नवशिकी नव्हती. तरी खड्ड्याखड्ड्याला तिने ते दोनशे अकरावं फील्ड पुन्हा आठवलं : निळसर कड, मध्ये काळ्या कणांचा पुंजका. बुरशीच्या मध्ये कण नसतात.

तिचे वडील लालबागला गिरणीच्या फोल्डिंग खात्यात होते. कापडाचे ताके तपासायचे. पहिले दहा वार बरे निघाले की ताका पास करायचा, असा तिथला प्रघात. ते पूर्ण ताका उलगडायचे. त्यामुळे त्यांना बढती मिळाली नाही, पण त्यांच्या हाताखालून गेलेला ताका कधी परत आला नाही. वनमालाने हे पाहिलं होतं.

मुख्य प्रयोगशाळेचे प्रमुख विद्याधर ओक खुर्चीतून उठले नाहीत. पन्नाशीचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक तांबडं.

“मायक्रोस्कोप घेऊन आलात? आमच्याकडे काय, भिंगं वापरतात असं वाटलं?”

“तुमच्याकडे पाच आहेत, सर. पण त्यांच्या पट्ट्या माझ्या पट्ट्यांशी जुळत नाहीत.”

“आकडे लिहिलेत?” पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “प्रत्येक स्लाइडचे?”

“ज्यात एक-दोनच जंतू असतात त्यांचे.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

त्यांनी कपाटातून १९४२ मागवली. ती घेऊन आली अनुपमा, वर्षभरापूर्वी लागलेली तपासनीस. फेरतपासणी तिनेच केली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. खिडकीजवळच्या टेबलावर मायक्रोस्कोप ठेवला. वनमालाने आरसा फिरवून उजेड घेतला, स्लाइड बसवली, तेलाचा थेंब सोडला, वहीतले आकडे लावले. आडवी एक्केचाळीस तीन. उभी बारा सहा.

तिने डोळा लावला. पांढऱ्या पेशी होत्या. चंद्रकोर नव्हती.

दुसरी जागा. त्रेचाळीस शून्य, तेरा एक. तिथेही काही नव्हतं.

ओकांनी खिशातलं तांबडं पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही. “झालं?” त्यांनी विचारलं. आवाजात खवचटपणा नव्हता, आणि त्याचा तिला जास्त त्रास झाला.

“एक मिनिट, सर.”

तिने नळीवरून डोळा काढला आणि स्लाइड धरणाऱ्या चिमट्याकडे पाहिलं. तो स्लाइड ठेवायच्या स्टेजला एका स्क्रूने बसवलेला असतो. तिने बोट लावलं. स्क्रू सैल होता. विक्रोळीच्या खड्ड्यांनी आपलं काम केलं होतं. चिमटा जागचा हलला होता, म्हणजे पट्टीवरचे आकडे आता खोटे बोलत होते.

तिने स्क्रू आवळला. मग वहीतल्या त्याच ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं.

“हे काय आहे?” ओक वाकले.

“स्लाइडचा कोपरा. मी आधी कोपऱ्याचे आकडे लिहिते, मग जंतूचे. तेव्हा कोपरा अठरा दोनवर होता.” तिने स्लाइडचा कोपरा नळीखाली आणला आणि पट्टी वाचली. “आज सतरा चारवर आहे. उभी पट्टी तीच. आठ दशांशाचा फरक. म्हणजे चंद्रकोर एक्केचाळीस तीनवर नाही, चाळीस पाचवर पाहिजे.”

आठ दशांश मिलिमीटर म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पण तेवढ्या अंतरात शंभराहून जास्त तांबड्या पेशी एका ओळीत बसतात. त्या मायक्रोस्कोपखाली ते दुसरं गाव होतं.

तिने खुंटी फिरवली. चाळीस पाच. डोळा लावला. एकदाच श्वास घेतला आणि बाजूला झाली.

“बघा, सर.”

ओकांनी बघितलं. नुसतं बघितलं नाही. फोकसची बारीक खुंटी पुढे-मागे करून त्यांनी कड पाहिली, मधले कण पाहिले. मग दुसरी जागा स्वतः काढली. बेचाळीस दोन. तिथेही ते बराच वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा अनुपमाला म्हणाले, “ये. बघ.”

अनुपमाने पाहिलं. तिचे कान तांबडे झाले होते. “मी शंभर फील्ड पाहिली होती. खरंच पाहिली होती.”

“शंभरच पाहायची असतात गं,” वनमाला म्हणाली. “तुझं काम तू केलंस.”

“मग तुम्ही पुढे का गेलात?”

“पांढऱ्या पेशींत काळे कण दिसले नाहीत तुला?”

“दिसले. मला वाटलं, रंगाचा गाळ आहे.”

“रंगाचा गाळ कुठेही पडतो. पेशीत पडतो, पेशीबाहेरही पडतो. हे फक्त पेशीच्या आत होते.” तिने स्लाइड सरकवली, पातळ लेप नळीखाली आणला. “आता हे बघ. जंतू तांबड्या पेशीत शिरतो आणि तिच्यातला तांबडा पदार्थ खातो. तो खाऊन जो चोथा उरतो, तो काळा. मग पेशी फुटते. एकाच वेळी हजारो फुटतात, तेव्हा माणसाला हुडहुडी भरते. नवीन जंतू नव्या पेशींत जातात आणि चोथा रक्तात पडतो. तो उचलायचं काम पांढऱ्या पेशींचं.”

“म्हणजे ज्याच्या पांढऱ्या पेशींत हा चोथा आहे...”

“त्याच्या रक्तात जंतूची पंगत उठून गेलेली आहे. जेवणारे दिसोत न दिसोत. शिवाय ही फाल्सिपेरमची जात लबाड. जिच्यात जंतू मोठा होतोय अशी पेशी आतल्या अवयवांच्या बारीक वाहिन्यांना चिकटून बसते. बोटाच्या थेंबात येतच नाही. त्यामुळे बोटात चार दिसले म्हणून आत चारच असतील असं नाही.”

“आणि पेशंट एवढा पांढरा का पडतो? जंतू मेल्यावरसुद्धा?”

हे ओकांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. बाईंना माहीत आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. वनमालाला ते कळलं.

“कारण जंतूने फुटतात त्या पेशी तर जातातच, सर. शिवाय पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगते आणि चांगल्या पेशीसुद्धा गाळून टाकते. नवीन पेशी करणारी हाडांतली मज्जाही मंद पडते. खर्च दोन्हीकडून, आवक कमी. ताप गेल्यावरही महिनाभर माणूस फिकटच राहतो. त्याला सगळे अशक्तपणा म्हणतात आणि टॉनिक देतात.”

ओक पुन्हा नळीवर वाकले आणि या वेळी त्यांनी पातळ लेपातल्या मोठ्या पांढऱ्या पेशी मोजल्या. मोजताना ओठ हलत होते. वीस पेशींत सहांच्या पोटात कण निघाले.

“हे तुम्ही अहवालात का लिहिलं नाहीत?”

“रकाना नाही.”

“काय?”

“फॉर्मवर रकाना नाही, सर. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, जात, अवस्था. चोथ्याला रकाना नाही.”

ओक हसले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. “नाही खरं,” ते म्हणाले. त्यांनी तांबड्या पेनाचं टोपण उघडलं, फेरतपासणीच्या नोंदवहीत ‘निगेटिव्ह’वर रेघ मारली, वर लिहिलं : ‘पॉझिटिव्ह कायम. मूळ तपासनिसाचा निकाल बरोबर.’ खाली सही आणि तारीख. मग थोडं थांबून समासात आणखी एक ओळ लिहिली : ‘पांढऱ्या पेशींत काळे कण आढळल्यास दोनशे फील्ड पाहावीत.’ आणि वही अनुपमाकडे सरकवली. “याचं परिपत्रक टाइप कर. सगळ्या दवाखान्यांना.”

“चिंचोके वीस लागतील आता,” वनमाला म्हणाली.

“कसले चिंचोके?”

तिने सांगितलं. अनुपमा पहिल्यांदा हसली. “आमच्याकडे मोजायचं मशीन आहे, बाई.”

“असू दे. माझे बिघडत नाहीत.”

परत येताना तिने बस धरली. खिडकीची जागा मिळाली. मायक्रोस्कोप मांडीवर होता, स्क्रू आवळलेला, आणि या वेळी खड्ड्यांना तिने खोकं उचललं नाही, नुसतं धरून ठेवलं. कंडक्टरने विचारलं, काय आहे बाई एवढं जपून? मायक्रोस्कोप, ती म्हणाली. कुणाचा? माझा, असं तिच्या तोंडून गेलं. तो दवाखान्याचा होता, पण तिने वाक्य दुरुस्त केलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर रेगे निघायच्या तयारीत होत्या. वनमालाने त्यांना निकाल कायम झाल्याचा, ओकांच्या सहीचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, पर्स खाली ठेवली आणि फोन लावला. पथकाचे प्रमुख सापडायला तीन फोन लागले. तोवर नाना दाराशी उभे होते.

“मग? खिडकी की टेबल?”

“टेबल.”

“मला ठाऊक होतं.”

“सकाळी तर म्हणत होता, वाट लागली.”

“मी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, लागू शकते.” नाना मान हलवत चहा सांगायला गेले.

वनमालाने मायक्रोस्कोप टेबलावर ठेवला, चिमट्याचा स्क्रू पुन्हा एकदा तपासला आणि एका जुन्या स्लाइडचा कोपरा लावून पट्टी वाचली. अठरा दोन नव्हतं. तिने चिमटा केसभर सरकवला, पुन्हा वाचलं, अठरा दोन आलं. मग रंगाच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. निळ्यात तळाशी गाळ होता. तो तिने गाळणीच्या कागदातून गाळून घेतला. चौतीस स्लाइड रंगवायच्या तर गाळ परवडणार नव्हता.

उद्या गुरुवारी सकाळी सहा वाजता, कामगार पाळीवर जाण्याआधी, पथक मुलुंडच्या रस्त्यावरच्या त्या बांधकामावर चौतीस जणांच्या बोटांचं रक्त घेईल, आणि साडेसातला वनमाला तोरसकर त्यांतली पहिली स्लाइड नळीखाली लावेल.